मधले तीन तास

पत्र आले तेव्हा लायनेल सग्डनला क्षणभर बरेच वाटले. गेली दोन वर्षे दारातून आत पडणाऱ्या पत्रांवर बहुतेक त्याच्या बायकोचे, ऑड्रीचेच नाव असे. चष्म्याचे दुकान, बागेच्या बियाण्यांची यादी, दर शरद ऋतूत फ्लूच्या लशीची आठवण. ती गेल्याचे त्याने सगळ्यांना कळवले होते. कळले असे कुणाच्या वागण्यातून दिसत नव्हते. हे पाकीट मात्र त्याच्या नावाचे होते आणि हाताला जाडसर लागत होते. त्याने ते चहाबरोबर टेबलाशी बसून, सुरीने नीट कापून उघडले.

आत त्याच्या निळ्या गाडीची दोन छायाचित्रे होती. शहराबाहेरच्या दुकानांच्या आवारात ती सकाळी १०:४१ ला शिरताना दिसत होती आणि दुपारी ३:४४ ला बाहेर पडताना. आवारात तीन तास मोफत. गाडी पाच तास तीन मिनिटे उभी होती. सबब आवार सांभाळणाऱ्या कंपनीला शंभर पौंड द्यावेत, चौदा दिवसांत दिल्यास साठ. दंड हा शब्द पत्रात कुठेही नव्हता. हे ना कोर्ट होते, ना नगरपालिका. तरीही कागदाला सरकारी नोटिशीसारखी काळीपिवळी किनार होती.

चूक कुठे झाली ते त्याला लगेच समजले. त्या दिवशी तो दोनदा गेला होता. सकाळी एक तास थांबून घरी आला, आणि दुपारी पुन्हा अर्धा तास. पहिल्यांदा बाहेर पडताना मागून एक उंच व्हॅन अगदी चिकटून येत होती. दुसऱ्यांदा शिरताना काय झाले कोण जाणे. कॅमेऱ्याने मधले जाणे आणि येणे दोन्ही गाळले, आणि दिवसाची दोन टोके एकमेकांना जोडून टाकली.

लायनेलने एकतीस वर्षे हॅलिफॅक्समधल्या घरोघरी गॅसचे मीटर वाचले होते. आकडा चुकीचा वाचला जातो, लोक कार्यालयात फोन करतात, कुणीतरी पुन्हा जाऊन बघते, आकडा दुरुस्त होतो. हे त्याने हजारदा पाहिले होते. त्यामुळे त्याला राग आला नाही. बहिणीला फोन केला तोही तक्रार म्हणून नव्हे. सांगण्यासारखे काहीतरी घडले होते म्हणून.

"साठ भर आणि मोकळा हो," डोरीन स्कारबरोहून म्हणाली. तिच्यामागे टीव्ही चालू होता. "या लोकांशी कोण डोकं लावत बसणार?"

"पण मी थांबलोच नव्हतो ना तिथे. घरी आलो होतो."

"आलास ना? मग झालं तर. देवाला माहीत आहे, तुला माहीत आहे."

"कंपनीला नाही माहीत."

"लायनेल, तू लहानपणापासून असाच. शाळेत पेन्सिल हरवली तर मुख्याध्यापकांना पत्र लिहिणारा. एकाच दिवशी दोनदा कशाला गेला होतास पण?"

"बल्ब परत करायचा होता."

"बल्ब!" डोरीन हसली. "बरं, माझी मालिका सुरू झाली. साठ भर, ऐक माझं."

त्याने पैसे भरले नाहीत. एक कोरा कागद घेतला आणि एकतीस वर्षांच्या सवयीने वळणदार अक्षरांत लिहिले: आपल्याला त्रास देत आहे याबद्दल दिलगीर आहे. बहुधा काहीतरी गैरसमज झालेला दिसतो, त्यात माझा काही दोष असल्यास क्षमस्व. त्या दिवशी मी दोन वेगवेगळ्या वेळी आलो होतो. पुराव्यादाखल दोन्ही वेळच्या पावत्या जोडत आहे. आपला बहुमोल वेळ घेतल्याबद्दल पुन्हा एकदा दिलगीर आहे.

पावत्या एकाच मोठ्या दुकानाच्या होत्या. सकाळी १०:५२, एक बल्ब. दुपारी ३:३१, तोच बल्ब परत, पैसेही परत.

उत्तर यायला सोळा दिवस लागले. तीन परिच्छेदांचे होते आणि सभ्य होते. आपण दिलगिरी व्यक्त केल्याची नोंद घेतली आहे. आपण जोडलेल्या पावत्यांवरून आपण १०:५२ आणि ३:३१ या दोन्ही वेळी आवारात होता हे सिद्ध होते, आणि ते आमच्या छायाचित्रांशी जुळते. मधल्या काळात आपण इतरत्र असल्याचा कोणताही पुरावा आपण दिलेला नाही. एकाच दिवशी एकाच दुकानात दोनदा येण्याचे सयुक्तिक कारणही दिलेले नाही. आता आपण चौदा दिवसांत साठ पौंड भरू शकता, किंवा स्वतंत्र मंडळाकडे अपील करू शकता. अपील फेटाळल्यास पूर्ण शंभर भरावे लागतील.

ते पत्र घेऊन तो स्वयंपाकघरात बराच वेळ उभा राहिला. मधल्या तीन तासांत तो घरी होता. हे कोण सांगणार? त्या दिवशी कुणाचा फोन आला नव्हता. टपालवाला सकाळीच येऊन गेला होता. हल्ली मीटर वाचायलाही कुणी येत नसे, मीटर आपले आकडे आपणच कळवत. त्याने त्या आठवड्याची पाने डोक्यात उलटून पाहिली. मग त्याच्या मागच्या आठवड्याची पाहिली. सगळीकडे तसेच होते. आपण कुठे होतो हे सांगू शकेल असा माणूस एकाही दिवशी सापडेना.

दुसऱ्या दिवशी लायनेल कचऱ्याचा डबा फुटपाथवर आणून ठेवत होता, तेव्हा समोरच्या घरातला इम्तियाज आपली टॅक्सी पुसत होता. पाच वर्षे दोघे समोरासमोर राहत होते. मान हलवणे, थंडीबद्दल दोन शब्द, एवढीच ओळख. इम्तियाजच्या घरातला मीटर जिन्याखालच्या कपाटात डाव्या हाताला आहे हे लायनेलला माहीत होते, आधीच्या मालकांपासून. त्या घराची बैठकीची खोली मात्र त्याने कधी पाहिली नव्हती.

"काय काका, तोंड का उतरलंय?"

"काही नाही. पार्किंगचं एक पत्र आलंय."

इम्तियाजने फडके बादलीत टाकले. "कोण? ते दुकानांच्या आवारातले? दाखवा. आत्ताच्या आत्ता दाखवा."

त्याने पत्र तिथेच उभ्याने वाचले, दोनदा वाचले आणि कपाळाला हात लावला.

"काका, तुम्ही त्यांना सॉरी म्हणालात?"

"पत्र लिहिताना लिहितोच की आपण."

"आणि वर पावत्या पाठवल्या! म्हणजे चोराने घर फोडलं आणि तुम्ही मागून चहा घेऊन गेलात. साखर किती, विचारलंत ना?" मग लायनेलचा चेहरा पाहून त्याचा आवाज खाली आला. "एक पैसा द्यायचा नाही. मी बावीस वर्षं टॅक्सी चालवतोय, या लोकांना ओळखून आहे. तुम्ही घरी होतात, बरोबर? मग सिद्ध करू."

"कसं करणार? कुणी बघितलं नाही."

इम्तियाजने आपल्या दाराच्या चौकटीकडे बोट केले. तिथे बेलच्या बटणावर एक काळा गोल डोळा होता. "याने बघितलं असेल. टॅक्सीला ओरखडे पडत होते म्हणून लावला. तुमचं दार त्यात येतं. तीस दिवसांनी पुसलं जातं सगळं. तारीख काय होती?"

लायनेलने सांगितली. आज सव्विसावा दिवस होता.

बैठकीच्या खोलीत खूप उशा होत्या आणि हीटर जोरात चालू होता. इम्तियाजची बायको फरहत चहा आणि गरम समोसे ठेवून गेली. जाताना म्हणाली, "खा हो तुम्ही. हे पत्रांच्या नादात कुणाला खायलाही विचारत नाहीत." लायनेलने कोट काढला नाही, काढायचा की नाही हे त्याला ठरवता येत नव्हते. इम्तियाज शेजारी बसून फोनवर बोट सरकवत होता. पडद्यावर त्यांची गल्ली छोटी आणि वाकडी दिसत होती, आणि तिच्यापलीकडे लायनेलचे हिरवे दार.

दिवसांमागून दिवस सरकत गेले. मांजर आले. पार्सलवाला आला, शेजारच्या घराकडे गेला. लायनेल बाहेर पडला. लायनेल परत आला. पुन्हा बाहेर पडला. त्याला स्वतःची चाल ओळखू येईना; तो थोडा पुढे झुकून चालत होता, वडील चालत तसा. हिरव्या दाराशी दुसरे कुणीही येत नव्हते. इम्तियाजचे बोट झपाझप चालत होते, म्हणून ते फार वेळ पाहावे लागले नाही.

"हा घ्या!" इम्तियाज ओरडला. "११:५८. गाडी आली. नंबरसुद्धा स्वच्छ दिसतोय. आणि हे बघा, ३:०२, गाडी निघाली. खेळ खलास. अजून काय पाहिजे त्यांना?"

दोन्हींच्या मध्ये आणखी एक तुकडा होता. इम्तियाजने तो चटकन पुढे सरकवला.

"ते काय होतं?" लायनेलने विचारले.

"काही नाही. त्याची गरज नाही."

"वेळ काय होती?"

"१२:४७." इम्तियाजने फोन मांडीवर ठेवला. "तुम्ही गाडीतून उतरलात ती."

हीटर कसला तरी बारीक आवाज करत होता. ११:५८ आणि १२:४७. एकोणपन्नास मिनिटे, हे वजाबाकी न करताच लायनेलला समजले. तेवढेच असायचे. कधी जास्त. इंजिन बंद केले की रेडिओ आणखी थोडा वेळ चालतो. तो बंद होईपर्यंत बसायचे, मग किल्ली अर्धी फिरवून पुन्हा लावायचा. घरातही रेडिओ होता. पण तो ऐकायचा तर आधी दार उघडून आत जावे लागे.

"मी बातम्या ऐकत होतो," तो म्हणाला.

"हो हो. मीही ऐकतो गाडीत. घरात कुठे ऐकू देतात?" इम्तियाज घाईने म्हणाला. मग त्याला ते पुरेसे वाटले नसावे. "खरं सांगू काका? पहिल्यांदा फरहत घाबरली होती. गेल्या वर्षी. म्हणाली, समोरचे काका गाडीत हलत नाहीयेत, जाऊन बघ. मी रस्ता अर्धा ओलांडला. मग तुम्ही रेडिओचं बटण फिरवलंत, म्हणून परत आलो. तेव्हापासून आम्ही आपलं खिडकीतून बघतो. ती दुपारी, मी रात्रपाळी नसेल तर."

"रोज?"

"म्हणजे, तुम्ही बसता तेव्हा."

"काचेवर टकटक करायची होती."

"आणि विचारायचं काय? स्वतःच्या गाडीत का बसलात म्हणून?" इम्तियाज ओशाळून हसला. "मी याच गावात जन्मलोय काका. कुणाला असं विचारत नाहीत इथे, हे मलाही शिकवलंय की."

लायनेलनेही मान हलवली. ते खरे होते. त्याने तरी पाच वर्षांत काय विचारले होते?

"दोनच तुकडे पाठवतो तुम्हाला," इम्तियाज दारापर्यंत सोडायला येत म्हणाला. "आलात आणि गेलात. खाली लिहा, मी घरी होतो. तीन शब्द. आणि खबरदार, कुठे सॉरी म्हणालात तर!"

तरीही भरायचे की लढायचे हे त्या रात्री ठरले नाही. साठ पौंडांचा चेक त्याने लिहूनही ठेवला होता. सही तेवढी बाकी होती. पैसे भरले असते तर सगळे मिटले असते, आणि त्या दिवसाबद्दल कुणी पुन्हा काही विचारले नसते. पण एक ओळ त्याला सोडत नव्हती: सयुक्तिक कारण दिलेले नाही. दोन तुकड्यांनी गाडी कुठे होती ते सांगितले असते. माणूस का गेला हे त्यात नव्हते. मंडळावरच्या माणसाने विचारले, की हा गृहस्थ साधा एक बल्ब घेऊन परत करायला दोन फेऱ्या का मारतो, तर? मीटर वाचणाऱ्याने एक आकडा कोरा सोडला तर सगळी नोंद संशयास्पद होते, हे तो नव्या मुलांना शिकवत आला होता.

सकाळी त्याने ऑड्रीचा जुना लॅपटॉप उघडला. मंडळाच्या अर्जात "तुमचे म्हणणे" असा एक रिकामा चौकोन होता. खाली बारीक अक्षरांत सूचना होती: दहा हजार अक्षरांपर्यंत. एवढी जागा त्याला आजवर कुणी दिली नव्हती.

त्याने आधी ते तीन शब्द लिहिले. मग पुढे लिहू लागला. दोन बोटांनी, सावकाश.

माझ्या घरातले सगळे होल्डर पिनांचे आहेत. मी त्या सकाळी आट्यांचा बल्ब घेतला. तो बसणार नाही हे मला घेतानाच माहीत होते. परतीच्या काउंटरवर जॅनिस नावाच्या बाई असतात. त्या प्रत्येकालाच राजा म्हणतात. वस्तू परत करायला गेलं, की त्या विचारतात, काय बिघडलं राजा? आणि सांगावं लागतं. त्या फॉर्म भरतात, त्याला चार-पाच मिनिटं लागतात. मी वस्तू वापरत नाही, खोकं फाडत नाही, दुकानाचं नुकसान होईल असं काही करत नाही. जानेवारीत मी दोन बल्ब, एक कुलूप आणि पडद्याची दांडी परत केली. सहसा मी दुसऱ्या दिवशी जातो. त्या दिवशी मला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबता आलं नाही, एवढंच. ११:५८ ला मी घरी आलो. १२:४७ पर्यंत गाडीत बसलो होतो. मग आत जाऊन सूप गरम केलं. ३:०२ ला निघालो. माझ्या पत्नीला जाऊन दोन वर्षं झाली.

शेवटचे वाक्य त्याने खोडले, पुन्हा लिहिले, पुन्हा खोडले, आणि मग राहू दिले. पहिल्या ओळीत नकळत "त्रासाबद्दल दिलगीर" आले होते, ते मात्र काढून टाकले. सगळे वाचायला त्याला सहा मिनिटे लागली. वाचणाऱ्यालाही तेवढीच लागतील, असा विचार त्याच्या मनात आला, आणि त्याने अर्ज पाठवला. मग चेक फाडून टाकला.

निकाल यायला सात आठवडे लागले. मधल्या काळात आवारातल्या दुकानाकडे त्याने गाडी नेली नाही. पुन्हा कॅमेरा चुकेल ही भीती होतीच. शिवाय जॅनिसबद्दल आपण कुठेतरी लिहून बसलो आहोत, हे मनात ठेवून तिच्यासमोर उभे राहणे त्याला जमले नसते.

निकाल एका पानाचा होता. अपील मान्य. सादर केलेल्या चित्रफितींवरून वाहन मधल्या काळात अर्जदाराच्या घरी असल्याचे दिसते. कंपनीच्या कॅमेऱ्याने एक जाणे व एक येणे नोंदवलेले नाही असा निष्कर्ष निघतो. आकारणी रद्द. आणि शेवटी, वेगळ्या परिच्छेदात एकच वाक्य: अर्जदाराने दिलेल्या इतर मजकुराचा या प्रकरणाशी संबंध नसल्याने तो विचारात घेतलेला नाही.

त्याने ते वाक्य अनेकदा वाचले. ते कठोर नव्हते. कायद्याने बरोबरच होते. मंडळावरच्या माणसाच्या जागी तो असता तर त्यानेही हेच लिहिले असते. विचारात घेतलेला नाही म्हणजे त्या माणसाने वाचून बाजूला ठेवले, की पहिल्या दोन ओळींवरच थांबला? एवढे एकच त्याला जाणून घ्यायचे होते, आणि त्याविरुद्ध कुठे अपील नव्हते.

इम्तियाज टॅक्सीत बसण्याच्या बेतात होता. लायनेलने कागद शेवटचा परिच्छेद आत जाईल असा दुमडला आणि रस्ता ओलांडला.

"मिळालं?" इम्तियाजने कागद हिसकावून घेतला. "रद्द! सांगितलं नव्हतं? काका, वाघ आहात तुम्ही! फरहत, अगं ये, काका जिंकले!" खिडकीतून फरहतने हात हलवला. "आणखी काय म्हणतायत? माफीबिफी?"

"नाही," लायनेल म्हणाला. "आणखी काही नाही."

"एकदा सगळ्यांनी मिळून खायला बसलं पाहिजे यावर. बघू, या महिन्यात माझ्या पाळ्या वाईट आहेत. लीड्सच्या विमानतळाचं भाडं आहे आता, निघतो." टॅक्सी गेली. खिडकीतला पडदा जागेवर आला.

त्या दिवशी लायनेल गाडी घेऊन उलट्या दिशेला, जुन्या बाजारात गेला आणि बटाटे घेऊन आला. रेडिओवर कुणीतरी नदीच्या पुराबद्दल बोलत होते आणि अजून बोलणे संपायचे होते. त्याने गाडी दारासमोर लावली, आरशात समोरच्या खिडकीकडे एकदा पाहिले, आणि रेडिओ बंद करून किल्ली काढली. आवाज अर्ध्या शब्दावर बंद झाला. मग तो लगबगीने उतरला, पिशवी दुसऱ्या हातात घेतली, आणि आत कुणीतरी वाट पाहत असल्यासारखा भराभर पावले टाकत हिरव्या दाराकडे गेला.